"कुठं धरू, ताई?"

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या गॅरेजमधून निघताना मला धड आभारही मानता आले नाहीत. घसा दाटून आला होता आणि बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. "किती झाले?" एवढंच विचारलं, पैसे दिले आणि दुरुस्त झालेल्या जहाजाच्या मॉडेलचं खोकं घेऊन निघाले. घरी पोहोचेपर्यंत चुटपुट लागून राहिली. म्हणून हे पत्र. तुमचं आणि गॅरेजचं नाव लिहू नका म्हणालात, ते पाळते आहे. वागळे इस्टेटमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे बरेच आहेत. त्यांतले तुम्ही कोण, हे तुमचं तुम्हाला कळलं की पुरे.

तुम्ही विचारलंत, "हे कोणासाठी?" आणि मी दोन शब्दांत "बाबांसाठी" म्हटलं. आज नीट सांगते.

माझे बाबा 1970 साली मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात लागले आणि 38 वर्षं ठाण्याहून लोकलने जाऊन-येऊन त्यांनी बॉयलरची कामं केली. आमच्या घरात विक्रांत हे विमानवाहू जहाजाचं नाव नव्हतंच, ते घरातलं माणूस होतं. जेवताना विक्रांत, प्रवासात विक्रांत. 1971 च्या युद्धात चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले असताना उरलेल्या तिघांवर ते जहाज बंगालच्या उपसागरात कसं उभं राहिलं, 4 डिसेंबरला त्याच्यावरून सी हॉक विमानं कॉक्स बझारवर आणि चितगावावर कशी गेली, हे आम्हा भावंडांना शाळेतल्या धड्याच्या आधी पाठ होतं. 31 जानेवारी 1997 ला ती नौदलातून निवृत्त झाली, त्या रात्री बाबा खूप उशिरापर्यंत खिडकीत बसून होते. 2014 साली मुंबईत जहाजं तोडतात त्या दारूखान्यात तिला तोडायला घेतलं, तेव्हा ते एकदा एकटेच जाऊन लांबून बघून आले. घरी येऊन जेवले नाहीत आणि त्यावर पुन्हा कधी बोललेही नाहीत.

आता बाबांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण कडेची नजर आवळत चालली आहे. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. त्याच आठवड्यात मी ठरवलं की त्यांना दिसतंय तोवर विक्रांत घरात आणायची. खरी 700 फूट लांब होती. 350 पट लहान केली की बरोब्बर दोन फूट होते, आमच्या शोकेसच्या वरच्या फळीवर मावेल एवढी. तयार किट न घेता प्लॅस्टिकचे पत्रे कापून, फोटो आणि बाबांची आठवण यांच्या आधाराने मी ती बांधली. चौदा महिने लागले. एक सी हॉक साडेतीन सेंटिमीटरचं, एक अलीझे विमान चार सेंटिमीटरचं. ऑफिसमधून आल्यावर रात्री दहा ते बारा एवढाच वेळ मिळायचा. रेलिंगचे खांब मी मोजले नाहीत, पण ते लावताना पाऊस, दिवाळी आणि पुन्हा उन्हाळा येऊन गेला.

आणि जुलैतल्या एका रात्री शेवटचा हात मारायचा राहिला होता. मॅट क्लिअर, म्हणजे रंगावरचा बिनचमकीचा पारदर्शक लॅकरचा थर. बाहेर धो धो पाऊस, नौपाड्यातली आमची गॅलरी ओलीचिंब. मला थांबायला हवं होतं. पण बाबांच्या वाढदिवसाला सहा दिवस उरले होते. मारला स्प्रे. पाच मिनिटांत अख्खा डेक पांढरा पडला, तव्यावर मिठाचं पाणी आटल्यावर राहतं तसा. राखाडी रंग, पट्टे, विमानांची चाकं, सगळं त्या पांढऱ्याखाली गेलं. मी रडले नाही. आईची जुनी साडी घेऊन त्यावर टाकली आणि झोपायला गेले. नंतर नऊ दिवस, कोणाला दाखवण्यापुरतं सोडलं तर, ती साडी मी उचलली नाही. त्यात वाढदिवसही येऊन गेला. बाबा रोज विचारायचे, "रंग वाळला का गं?" मी म्हणायचे, पावसाळा आहे, वेळ लागतोय. ही थाप मी नऊ दिवस मारली आणि प्रत्येक वेळी त्यांना ती पटली, याचंच जास्त वाईट वाटत होतं.

त्या दिवसांत कोण काय म्हणालं, तेही लिहिते. ज्या दुकानातून कॅन घेतला तिथे फोटो दाखवला, तर चार गिऱ्हाइकांसमोर, "कॅनवर लिहिलेलं वाचता येत नाही का?" चूक माझीच होती, मला मान्य आहे. पण मी उपाय विचारायला गेले होते, शिक्षा मागायला गेले नव्हते. नात्यातल्या एकांनी घरी येऊन साडी वर केली, बोटाने डेक खरवडून बघितला आणि म्हणाले, "खेळण्यासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं!" एका जाणकार गृहस्थांनी "माझ्याकडे सोडा" म्हणून मॉडेल ठेवून घेतलं. दोन दिवसांनी परत मिळालं तेव्हा मागच्या टोकाचे पट्टे थिनरने पुसून फरफटलेले होते आणि डोलकाठी वाकली होती, कारण त्यांनी ते उचललंच डोलकाठीला धरून. "हे गेलं आता. नवीन सुरू करा." नवीन सुरू करा! चौदा महिने कुठून आणू, आणि बाबांची नजर चौदा महिने थांबेल याची हमी कोण देणार?

तुमच्याकडे मला ऑफिसातल्या सहकाऱ्याने पाठवलं. त्याच्या गाडीचं बॉनेट तुम्ही रंगवलेलं. मी खोकं मांडीवर घेऊन तीन हात नाक्यावरून आले तेव्हा प्रत्येक खड्ड्याला पोटात गोळा येत होता. मनात पक्कं होतं की गाड्या रंगवणारा माणूस हसणार. मी खोकं उघडलं. तुम्ही वाकून बघितलंत. पोरांना म्हणालात, "घासायचं थांबवा रे जरा, धूळ उडतीय." मग नळावर जाऊन साबणाने हात धुतलेत, बनियनच्या स्वच्छ कापडाला पुसलेत, परत आलात आणि हात पुढे करून तसेच थांबलात. आणि विचारलंत,

"कुठं धरू, ताई?"

दादा, त्या नऊ दिवसांत ते जहाज हातात घेणाऱ्या कोणीही मला हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, खालून, दोन्ही तळव्यांवर, मध्याच्या थोडं मागे. तुम्ही तसंच उचललंत, बाळंतिणीचं बाळ घ्यावं तसं. माझं अर्धं दुःख तिथेच उतरलं. पुढचं दुरुस्त झालं नसतं तरी चाललं असतं, हे मी मनापासून सांगते.

मग तुम्ही मला स्टूल दिलंत आणि सांगितलंत की थिनर उडताना रंगाचं अंग गार पडतं, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि वरून लॅकर वाळलं की आत कोंडतो. पावसाळ्यात गाड्यांनाही असं होतं. "पाणी कोंडलंय नुसतं. खाली तुमचा रंग जागेवर आहे." रंग जागेवर आहे, हे ऐकायला मी ठाण्यात कुठे कुठे फिरले होते! तुम्ही माझ्याकडून उरलेला प्लॅस्टिकचा तुकडा मागून घेतलात, त्याच रंगाचा, त्याच लॅकरचा, आणि आधी त्याच्यावर करून बघितलंत. जहाजाला नंतर हात लावलात. कसं केलंत ते मी इथे लिहीत नाही, ते तुमच्या हाताचं कसब आहे आणि प्लॅस्टिकला कडक थिनर चालत नाही हे तुम्ही न सांगता ओळखलंत. एवढंच लिहिते की लांबून, हलक्या हाताने, थांबत थांबत फवारे मारलेत आणि तिसऱ्या फवाऱ्याला पांढऱ्यातून राखाडी डेक वर आला. तुमचा धाकटा पोरगा ओरडला, "आलं, आलं, जहाज आलं!" मी तेव्हा रडले. तुम्ही दुसरीकडे बघत राहिलात, त्याबद्दलही आभार.

पैसे तुम्ही घेतलेत. लॅकर सावकाश वाळावं म्हणून वापरलेल्या रिटार्डरचे आणि एका तासाच्या मजुरीचे, हिशोब सांगून. ते मला फार आवडलं. फुकट केलं असतंत तर ती दया झाली असती. तुम्ही ते काम मानलंत, गाडीच्या कामासारखं काम, आणि माझ्या चौदा महिन्यांनाही कामच मानलंत.

बाबांना मी घरी आल्यावर सगळं खरं सांगितलं, थापेसकट. ते रागावले नाहीत. म्हणाले, डॉकयार्डात पहिल्या वर्षी त्यांच्या मिस्त्रींनी शिकवलं होतं: दुसऱ्याने अर्धं सोडलेल्या कामाजवळ गेलास की आधी त्याला विचार, कशाला हात लावू नको ते. मग विक्रांतची आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हती. ती मुळात इंग्रजांची हर्क्युलिस. 1945 मध्ये पाण्यात उतरली, पण युद्ध संपलं होतं आणि साधारण तीन चतुर्थांश झालेलं काम तिथेच थांबलं. भारताने 1957 मध्ये विकत घेतली तोवर ती तशीच अपुरी पडून होती. मग बेलफास्टमध्ये पुरी झाली आणि 4 मार्च 1961 ला आपल्या नौदलात आली. "दहा वर्षं पडून होती," बाबा म्हणाले, "तुझी नऊ दिवस."

त्यांनी तळव्यांवर जहाज घेतलं. कुठं धरायचं, हे मी त्यांना दाखवलं. डोळ्यांसमोर अगदी जवळ आणून पुढच्या टोकापासून मागपर्यंत सावकाश बघितलं, कारण कडेचं दिसत नाही तर तेवढंच तेवढं समोर आणावं लागतं. मागचे फरफटलेले पट्टे मी पुन्हा रंगवलेत, तरी त्यांना ते सापडले. "इथं कोणी तरी आधी हात मारलाय," म्हणाले. डोलकाठी मी सरळ केली आहे. डाव्या कडेला अगदी खाली नखाएवढा पांढरा ठिपका राहिला आहे, तो मी तसाच ठेवणार आहे.

बाबांना तुम्हाला भेटायचं आहे. रविवारी गॅरेज बंद असतं ना? चारनंतर या, धाकट्यालाही आणा. त्याला बॉयलर रूमचं सगळं सांगायचंय असं बाबा दोनदा म्हणालेत आणि जहाज त्याच्या हातात द्यायचं हेही त्यांनी ठरवून टाकलंय.

तुमची,
जहाजवाली ताई
नौपाडा, ठाणे