जातिलुविहच्या माणसांचे आभार

बालीतल्या तबानान भागात, जातिलुविहच्या भातखाचरांशेजारी आम्ही राहिलो ते तिथल्या माणसांच्या जिवावर. नावं देत नाही, त्यांना आवडणार नाही.

घरमालकीणबाईंनी लाल तांदळाचा चहा पाजला. सुबकच्या, म्हणजे पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या मंडळाच्या, प्रमुखांनी बांधावर उभं राहून पाण्याची पाळी समजावली. आमच्या खानदेशातल्या फड सिंचनातला, पाटाचं पाणी पाळीने देणारा पाटकरीच आठवला! (२०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं ते याच पाणीवाटपाला.)

सगळ्यांत जास्त आभार त्या शिक्षकांचे. जमिनीचा विषय निघाला तसे ते म्हणाले, “इंडोनेशियाच्या १९६० च्या कायद्याने परदेशी माणसाला जमिनीची मालकी मिळत नाही. दुसऱ्याच्या नावावर घ्यायच्या फंदात पडू नका.” दलाल नेमकं तेच सुचवत होता. आता घर भाडेपट्ट्याने घेतोय, आणि कागद आधी ते शिक्षकच वाचणार आहेत.