चि. अनिकेत यास, सिंगापूरमधल्या जेवणाविषयी

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. अनिकेत यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की गेल्या महिन्यात पगाराचा मोठा वाटा खाण्यापिण्यातच संपला आणि शेवटचा आठवडा तू पाकिटातल्या नूडल्सवर काढलास. ते ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. ज्या घरात बावीस वर्षे खानावळ चालली, जिथे रोज साठ-सत्तर परक्या मुलांच्या ताटात गरम भाकरी पडते, त्या घरच्या मुलाने परगावी उपाशी राहावे हे मला सोसवत नाही. फोनवर सगळे बोलून होत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

तुला पोहोचवायला आम्ही आलो होतो तेव्हा दुसऱ्याच संध्याकाळी नदीकाठच्या एका हॉटेलात शिरलो, ते तुला आठवत असेल. दारात उभ्या असलेल्या मुलाने मेनू कार्ड पुढे धरून आर्जवाने बोलावले आणि आपण नवखे, गेलो. खेकड्याच्या भावाच्या जागी आकडा नव्हता, ‘हंगामी भाव’ एवढेच छापले होते. न मागता समोर ठेवलेली शेंगदाण्यांची बशी आणि हात पुसायचे ओले रुमालसुद्धा बिलात लागले. शिवाय प्रत्येक भावापुढे अधिकची दोन चिन्हे होती, त्यांचा अर्थ आपल्याला बिल आल्यावर कळला: आधी 10 टक्के सेवाशुल्क आणि मग त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी, म्हणजे कार्डावर 100 डॉलर वाचून आत गेलेला माणूस 119 डॉलर 90 सेंट मोजून बाहेर पडतो. तुझे बाबा ते बिल घडी करून खिशात ठेवताना काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन दिवस त्यांनी बाहेरचा चहासुद्धा घेतला नाही.

त्या हॉटेलात रोज जेवणारा एकही माणूस नव्हता, हे मला आत शिरतानाच दिसायला हवे होते. महाद्वार रोडला दर्शनाहून परतणाऱ्या भाविकांना हाका मारून आत बोलावतात, तिथे आपण कोल्हापूरकर कधी जेवायला बसतो का? जे गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही त्याच्यासाठी रस्सा लालभडक केला की भागते. महिन्याचा मेंबर मात्र आमटी पातळ झाली तर त्याच रात्री तोंडावर सांगतो आणि दुसऱ्या महिन्याला दुसरी खानावळ धरतो. माझी खानावळ नीट चालली ती या मेंबरांच्या धाकामुळे. म्हणून परक्या गावात पाटी वाचू नकोस, रोजचे गिऱ्हाईक कुठे बसते ते शोध.

आणखी एक गोष्ट धंद्यातली सांगते. जेवण स्वस्त असले म्हणजे हलके असते असे नाही, पण ते स्वस्त का आहे हे आपल्याला कळले पाहिजे. माझ्याकडे ताट परवडते, कारण रोज एक पालेभाजी, एक कडधान्य, आमटी, भात आणि भाकरी एवढेच ठरलेले असते, काही उरत नाही, काही शिळे होत नाही आणि एकाच पंगतीत चार घरची मुले मांडीला मांडी लावून बसतात. कालचा रस्सा आज उकळून वाढणारा किंवा तेच तेल चार दिवस वापरणाराही स्वस्त देऊ शकतो. या दोन स्वस्ताईंतला फरक गाळ्यासमोर दोन मिनिटे उभे राहिले की कळतो.

सिंगापूरमध्ये पहिल्या प्रकारची स्वस्ताई हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात आहे. पूर्वी तिथेही फेरीवाले रस्त्याच्या कडेला बसत असत. सरकारने साधारण 1971 ते 1986 या काळात त्यांना छप्पर, नळ आणि सांडपाण्याची सोय असलेल्या इमारतींत हलवले, आणि डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. पहिल्या पिढीतल्या कितीतरी गाळेधारकांना भाडे सवलतीचे आहे, वाढपी नाही, टेबले सगळ्यांची मिळून, आणि एकेका गाळ्यावर एक-दोनच पदार्थ वर्षानुवर्षे होत असतात. मला ते पाहून आपल्याच खानावळीचा हिशोब समोर मांडल्यासारखे वाटले.

तुझ्या ऑफिसपासून चालत जाता येईल असे अमॉय स्ट्रीट फूड सेंटर आहे. तिथे बँकांतली मुलेमुली गळ्यात ओळखपत्र अडकवून दुपारी जेवायला येतात. शनिवार-रविवारी मात्र बरेच गाळे बंद असतात, तेव्हा उगाच हेलपाटा घालू नकोस. रोजच्या जेवणासाठी ‘इकॉनॉमी राइस’ अशी पाटी शोध, तिथले लोक त्याला छाय पंग म्हणतात. काचेमागे पंधरा-वीस ट्रे मांडलेले असतात, आपण बोट दाखवायचे आणि बाई भातावर वाढत जाते. दोन भाज्या आणि एक अंड्याचा किंवा कोंबडीचा पदार्थ घेतलास तर चार-पाच डॉलरांत पोटभर होते, पण मासा किंवा कोळंबीकडे बोट गेले की भाव चढतो, म्हणून त्याचे किती ते वाढण्याआधी विचार. विचारायला संकोच वाटू देऊ नकोस, माझे मेंबरही विचारतात.

मी तिथे एका म्हाताऱ्याच्या गाळ्यासमोर बराच वेळ उभी होते, ते तुम्हा दोघांना कंटाळवाणे झाले होते. तो कढईत एकावेळी एकाच माणसाच्या नूडल्स परतत होता. तेल पळीने मोजून घाली, कढईच्या कडेला धूर उठला की मगच अंडे फोडी, आणि ताटली पुढे सरकवल्यावर गिऱ्हाईक बदलायच्या आत कढई पाण्याने खळाळून पुसून टाकी. रांगेत अकरा माणसे होती तरी त्याने दोन ताटल्यांचे एकदम केले नाही. आपल्या गंगावेशीत रात्री दूध कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात देतात, तसाच तो भरवसा. जिथे रांधणाऱ्याचे हात दिसतात तिथे आधी उभा राहा. तेल काळे दिसले, तळलेले ढीग करून ठेवलेले दिसले, तर रांग कितीही असो, पुढे चल. रांगेचेही असे आहे की फोटो काढणाऱ्यांची रांग निराळी आणि जेवण बांधून घरी नेणाऱ्यांची निराळी. दुसऱ्या रांगेत उभा राहा. गाळ्यावर स्वच्छतेची श्रेणी टांगलेली असते, तीही एकदा पाहत जा.

घरच्या चवीची फार आठवण आली तर लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरला जा. खाली भाजीबाजार, मासळी आणि मटण, आणि शेजारीच डोसे, पराठे, बिर्याणी यांचे गाळे, त्यामुळे सामान ताजे असते. तिथून आठवड्याची भाजी, कोथिंबीर आणि कढीपत्ता घेत जा. रात्री खोलीवर भात लावून त्यावर आपल्या कांदा-लसूण मसाल्याचे पिठले केलेस तर महिन्याला दहा-बारा जेवणांचा खर्च वाचेल. मसाला संपत आला की आठ दिवस आधी कळव.

पाण्याच्या बाटलीवर पैसे घालवू नकोस, तिथले नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटली घरून भरून ने. तुझी कॉफीची सवय मला माहीत आहे, पण ती मॉलमधल्या काचेच्या दुकानात पिण्याऐवजी इमारतींखालच्या साध्या कोपीच्या दुकानात पी. नुसते ‘कोपी’ म्हटले तर आटवलेले गोड दूध घालून देतात, ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, आणि साखर नको असेल तर पुढे ‘कोसोंग’ म्हणायचे. टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट ठेवलेले दिसले तर ती जागा कोणीतरी धरलेली आहे असे समज, आणि जेवण झाल्यावर ट्रे जागेवर नेऊन ठेवायला विसरू नकोस. 2021 पासून तो तिथला नियमच आहे, आणि तुला तर लहानपणापासून ताट उचलायची सवय आहे.

या शनिवारी सकाळी टेक्काला जा. काय खाल्लेस, किती पडले आणि कढई कशी होती ते मला फोन करून सांग. आमच्या दुपारच्या तीनला पंगती उरकलेल्या असतात आणि तुझ्याकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असतात.

बाबांचे आशीर्वाद आहेत. प्रकृतीस जप.

तुझी,
आई