राख दिल्लीला पोहोचली, पण पडली कुणाच्या अंगणात?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२३ नोव्हेंबर २०२५ ला इथिओपियातला हायली गुब्बी ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख येमेन, ओमानवरून दिल्लीपर्यंत आली. किती विमानं रद्द झाली, दिल्लीची हवा आणखी बिघडेल का, हे सगळं त्या आठवड्यात वाचायला मिळालं. पण ज्यांच्या दारात ती राख पडली, त्या अफार या गुरंढोरं राखणाऱ्या भटक्या लोकांबद्दल दोन ओळींपलीकडे काही सापडलं नाही. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा दानाकिल हा सखल प्रदेश पाहून आले, म्हणून राहवलं नाही.

तिथली जमीन समुद्रसपाटीपेक्षा शंभर मीटरहून खाली आहे. तिथल्या दल्लोल या ठिकाणाचं तापमान वर्षाच्या सरासरीने ३४ अंशांच्या वर नोंदलं गेलंय. त्या सरासरीत हिवाळा आणि रात्रीही आल्या! अरबी, नुबियन आणि सोमाली ही तीन भूपट्टं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे प्रचंड तुकडे, तिथे एकमेकांपासून दूर सरकताहेत. फळ्यावर खडूने काढायची ती भेग पायाखाली होती. काळा कातळ पाहून मला आपली वेताळ टेकडी आठवली. आपलाही कातळ लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवालेला.

तिथल्या मिठागरात एक माणूस उकिडवा बसून मिठाची लादी तासत होता. हातात आखूड दांड्याची कुदळ, माप-पट्टी काही नाही. तरी शेजारी रचलेल्या लाद्या एकसारख्या. बोटांना मिठाने भेगा पडलेल्या. याच मिठाच्या वड्या इथिओपियात कित्येक शतकं पैशासारख्या चालत. लाद्या दोरीने बांधून उंटांवर चढतात आणि तांडा डोंगराकडे निघतो. ट्रक आलेत, तरी उंट मी डोळ्यांनी पाहिले.

आमचा अफार वाटाड्या रस्त्यात कुणी भेटलं की थांबायचा. हातात हात घेऊन बराच वेळ बोलणं चाले. याला ते ‘दागू’ म्हणतात. पाणी कुठे आहे, पाऊस कुठे झाला, कुणाची जनावरं आजारी आहेत, सगळं विचारायचं आणि सांगायचं. आपण पाहिलेलं कोणतं आणि ऐकलेलं कोणतं, हेही वेगळं सांगायचं. चारा-पाण्यामागे फिरणाऱ्यांचं जगणं त्यावर चालतं. घरसुद्धा बरोबरच: वाकवलेल्या काठ्यांवर चटया. ते बायकाच उभारतात, बायकाच उतरवतात.

दिवाळीनंतर सासवडच्या बाजूला शेतात मेंढ्या बसवणारे धनगर आपण पाहतोच. घोड्यावर लादलेला त्यांचा संसार मला तिथे पदोपदी आठवत होता. म्हणूनच पुण्यातल्या एका सहल कंपनीच्या जाहिरातीत त्याच प्रदेशाला ‘पृथ्वीवरचा नरक’ म्हटलेलं वाचून फार वाईट वाटलं. लोक तिथे लेकरं वाढवतात हो.

उद्रेकात माणसं दगावल्याचं वृत्त नव्हतं. पण ज्वालामुखीजवळच्या अफदेरा भागातली गावं राखेने भरली आणि जनावरांना चरायला काही उरलं नाही, असं तिथल्या अधिकाऱ्याने सांगितल्याचं वाचलं. त्यानंतर काय झालं? पाऊस पडला का, शेळ्या जगल्या का, लोक कुठे गेले? आपल्या रविवार पुरवणीत यावर सविस्तर लेख द्यावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
कोथरूड, पुणे