ओटीपी दिला, म्हणजे दुरुस्ती झाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वॉरंटीतील दुरुस्ती पूर्ण झाली असे नेमके कधी मानायचे, हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला तीनदा पडला आणि तिन्ही वेळा कंपनीने त्याचे उत्तर माझ्या मोबाइलवर आलेल्या सहा आकडी ओटीपीवरून ठरवून टाकले. ओटीपी सांगितला की त्यांच्या संगणकात तक्रार बंद होते. लॅपटॉप चालतो की नाही, याचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही. हा अनुभव माझ्या एकट्याचा नसावा, म्हणून थोडा विस्ताराने लिहीत आहे.

मी रत्नागिरीत घरांची त्रिमितीय संकल्पचित्रे करून देण्याचा व्यवसाय करतो. या कामाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते आणि ते साध्या लॅपटॉपमध्ये सहसा नसते, त्यामुळे 2024 च्या दिवाळी पाडव्याला 1,14,000 रुपये मोजून एक गेमिंग लॅपटॉप घेतला. दिवसा त्यावर माझे काम चालते आणि रात्री चिरंजीव गेम खेळतात, हेही लपवत नाही. खोक्यावर बंदूकधारी सैनिकाचे चित्र छापून विकलेल्या यंत्रावर गेम खेळणे हा ग्राहकाचा अपराध ठरू नये, एवढीच अपेक्षा होती. पण सर्व्हिस सेंटरमध्ये पहिला प्रश्न नेमका तोच आला: ‘यावर गेम खेळता का?’ प्रश्नाचा सूर एखाद्या डॉक्टरने ‘दारू घेता का?’ असे विचारावे तसा होता.

पहिला बिघाड मार्च 2025 मध्ये झाला. काम सुरू करून साधारण चाळीस मिनिटे झाली की पंखे जोरात घोंघावू लागत, पडदा काळा पडे आणि यंत्र बंद होई. या कंपनीचे आम्हाला जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे. एसटीने आंबा घाटातून, लॅपटॉपची बॅग मांडीवर धरून तिथे गेलो. 19 दिवसांनी निरोप आला की मदरबोर्ड बदलला आहे. पुन्हा कोल्हापूर. काउंटरवरच्या मुलाने लॅपटॉप उघडला, बटण दाबले, वॉलपेपर दिसताच माझ्याकडे वळवून ‘बघा, चालू झाला. आता ओटीपी सांगा’ म्हणाला. मी सांगितला, कारण परतीची अडीचची गाडी गाठायची होती. चाळीस मिनिटांनी बंद पडणारे यंत्र चाळीस सेकंद चालवून दाखवले होते, हे गाडीत बसल्यावर लक्षात आले.

इथे थोडे तांत्रिक लिहिणे भाग आहे. अशा लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप या दोन्ही मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) कायमच्या डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेल्या असतात, त्यामुळे एक चिप बिघडली तरी सहसा सगळा बोर्डच बदलतात. यंत्रावर भार पडला की चिपा तापतात, काम थांबले की निवतात. रोज असे तापणे-निवणे होत राहिले की डाग दिलेल्या जागी सूक्ष्म तडे जाऊ शकतात, आणि मग दोष गार यंत्रात दिसतच नाही, तापल्यावरच डोके वर काढतो. हे काही नवे नाही. एनव्हिडिया या चिप बनवणाऱ्या कंपनीने 2008 मध्ये लॅपटॉपमधील आपल्या काही ग्राफिक्स चिपांच्या सदोष वेष्टणामुळे, म्हणजे चिप ज्यात बसवतात त्या साहित्यामुळे, होणाऱ्या बिघाडांपोटी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. म्हणजे उष्णतेने काय होऊ शकते, हे या उद्योगाला चांगले ठाऊक आहे. तरीही तपासणी होते ती गार यंत्राची.

मे महिन्यात तोच दोष परत आला. या वेळी मी पडद्यावरचे तापमान दिसेल असे चित्रीकरण करून नेले. 96 अंशाचा आकडा दिसतो, पंखे ओरडतात आणि पडदा काळा होतो, असे सगळे त्यात स्पष्ट होते. ते त्यांनी पाहिले. 23 दिवसांनी लॅपटॉप परत मिळाला तेव्हा जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘पंखे साफ केले, थर्मल पेस्ट बदलली, तपासणीत दोष आढळला नाही’ असा शेरा होता. ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतोय, सर,’ असे तंत्रज्ञ म्हणाला. किती वेळ आणि कोणता भार देऊन चालवून पाहिला, असे विचारल्यावर त्याने खालच्या आवाजात सांगितले की दिवसाला ठरावीक कॉल, म्हणजे तक्रारी, बंद करण्याचा वरून दट्ट्या असतो, प्रत्येक यंत्र तासभर चालवत बसलो तर नोकरी जाईल. त्याचा मला राग नाही. राग आहे तो ज्याने त्याच्या कामाचे माप बंद केलेल्या तक्रारींवर लावले, चाललेल्या यंत्रांवर नाही, त्याचा.

सप्टेंबरमध्ये तिसरी फेरी झाली, तेव्हा एक नवा शब्द शिकलो, सीआयडी. हे पोलिसांचे खाते नव्हे. ग्राहकाच्या हातून झालेल्या नुकसानीला सर्व्हिस सेंटरच्या भाषेत असे म्हणतात आणि तसा शेरा पडला की वॉरंटी संपते. बोर्डावर गंजाचा डाग आहे, तुम्ही समुद्रालगत राहता, हवा खारी आणि दमट असते, तेव्हा 52,000 रुपये भरा, असे कळवण्यात आले. रत्नागिरीच्या दुकानात रत्नागिरीच्या ग्राहकाला लॅपटॉप विकताना समुद्र कुणाला दिसला नव्हता. शिवाय हा बोर्ड त्यांनीच मार्चमध्ये बसवला होता आणि त्यानंतर एकूण 23 दिवस तो त्यांच्याच कपाटात होता. ईमेलवर आठवडाभर वाद घातल्यावर ‘विशेष बाब म्हणून’ बोर्ड विनामूल्य दुरुस्त केला गेला. त्यात 32 दिवस गेले.

वॉरंटी 1 नोव्हेंबरला संपली आणि 9 नोव्हेंबरला यंत्र पुन्हा काळे पडले. आता मुदत संपल्याचे सांगतात. तीन फेऱ्यांचे 74 दिवस लॅपटॉप माझ्याकडे नव्हताच. ते दिवस मुदतीत वाढवून द्या म्हटले तर ‘सिस्टीममध्ये तशी सोय नाही’ हे उत्तर. या 74 दिवसांत दोन कामे हातची गेली, त्यांचा हिशेब तर कुणाकडे मागायची सोयही नाही.

कायदा नाही असे मुळीच नाही. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 39 नुसार जिल्हा ग्राहक आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा आदेश देऊ शकतो. ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. 1915 हा हेल्पलाइन क्रमांकही आहे. तिथे तक्रार नोंदवताच कंपनीचा फोन दुसऱ्या दिवशी आला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. मात्र पुढचा प्रवास सोपा नाही. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेत पाठवावी लागते आणि अशा प्रकरणाचा निकाल तीनऐवजी पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदाच म्हणतो. प्रत्यक्षात किती महिने लागतात, हे आयोगाच्या पायऱ्या चढलेल्यांना विचारावे. त्याहून मोठी अडचण वॉरंटीच्या मजकुरात आहे. कंपनी सदोष भाग दुरुस्त करील किंवा बदलील, इतकेच वचन तिथे असते. 2006 मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, वॉरंटी सदोष भागापुरती असताना सबंध गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, अशी भूमिका घेतली होती. भाग किती वेळा बदलला म्हणजे वस्तूच सदोष मानायची, याचा आकडा मात्र आपल्या कायद्यात कुठेही नाही.

ब्रिटनने हा आकडा ठरवून टाकला आहे. तिथल्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने विक्रेत्याला दुरुस्तीची एकच संधी दिली आहे. तेवढ्यावर वस्तू ठीक झाली नाही तर ग्राहक ती परत करू शकतो किंवा किंमत कमी करून मागू शकतो. युरोपीय संघाच्या 2024 च्या दुरुस्तीविषयक निर्देशानुसार हमीच्या काळात दुरुस्ती करून घेतल्यास हमी एक वर्षाने वाढवण्याची तरतूद आहे. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले, ते उपयुक्त आहे. पण कंपनीकडे दुरुस्तीसाठी कसे जावे याची माहिती ते देते, आणि मी तर तीनदा जाऊन आलो आहे. वॉरंटीच्या घड्याळाला हात लावताच येत नाही, असेही नाही. 2023 च्या अखेरीस ग्राहक व्यवहार विभागानेच घरगुती उपकरणांच्या उत्पादकांना वॉरंटी विक्रीच्या नव्हे तर उपकरण बसवल्याच्या तारखेपासून मोजावी, असे कळवले होते. त्याच न्यायाने सर्व्हिस सेंटरमध्ये गेलेले दिवस मुदतीत मिळवून देण्याचा आणि तोच दोष तिसऱ्यांदा आला तर ग्राहकाच्या इच्छेनुसार वस्तू किंवा पैसे परत देण्याचा नियम करणे त्या विभागाला अवघड नसावे. जॉबशीटवर यंत्र किती वेळ, कोणत्या भाराखाली आणि किती तापमानापर्यंत चालवून पाहिले, हा एक रकाना सक्तीचा केला तरी निम्म्या तक्रारी काउंटरवरच उघड्या पडतील.

तोवर वाचकांनी एवढे करावे. बंद पडण्याच्या क्षणाचे चित्रीकरण ठेवावे. प्रत्येक फेरीची जॉबशीट जपून ठेवावी, त्यावर तुम्ही सांगितलेला दोष तुमच्याच शब्दांत लिहून घ्यावा. आणि परतीची गाडी चुकली तरी चालेल, पण यंत्र समोर तासभर चालवून पाहिल्याशिवाय ओटीपी सांगू नये. माझी चूक तीच झाली. जिल्हा आयोगाकडे द्यायची तक्रार आता तयार आहे आणि तिला तिन्ही जॉबशीट जोडल्या आहेत. त्या तिन्हींच्या तळाशी, मी सांगितलेल्या ओटीपीच्या आधारे, ‘ग्राहक समाधानी’ असे छापलेले आहे.

आपला,
एक ग्राहक, रत्नागिरी