गाडीचं सांगायचं राहिलं होतं

नागपूर,
डिसेंबर, रविवार सकाळ

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगायचं ठरवून या आठवड्यात तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा आईने उचलला, "जेवली का?" विचारलं, आणि मी हो म्हणून संत्र्यांच्या आंबिया बहाराचा भाव विचारत बसले. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवाल. मधलं काही गाळू नका. आणि चष्मा लावून वाचा, अंदाजाने नको.

आधी मुख्य ते सांगते, नाहीतर आई शेवटच्या ओळीपर्यंत धास्तावून राहील. मी बरी आहे. छोटी बरी आहे, तुमचे जावईही बरे आहेत. गाडी विकली.

मागच्या मंगळवारी घेऊन गेले ती माणसं. बाबा, ती गाडी कुठल्या पैशातून आली हे मी विसरलेले नाही. "पंधरा दिवसांनी तोंड दाखवून जात जा, एवढंच व्याज" असं म्हणाला होतात तुम्ही. म्हणून तर आठ महिने ती अंगणात झाकून ठेवली. जावई रोज सकाळी तिला सुरू करून बंद करत, बॅटरी उतरू नये म्हणून. एक दिवस छोटीने विचारलं, "बाबा गाडीला व्यायाम देऊन राहिले का?" तेव्हा ठरवलं.

आता कारण. दादाच्या त्या विषयाशी याचा काही संबंध नाही. परत लिहिते, काही म्हणजे काही संबंध नाही. आईने दिवाळीत विचारलं होतं, "काहून नाही येऊन राहिली तू?" मी म्हटलं, ऑफिसात काम आहे. आई गप्प झाली. ती काय समजली ते मला कळलं होतं, आणि तरी मी खरं सांगितलं नाही. त्याची माफी या पत्रात एकदाच मागते, कारण समोर आले की तुम्ही मागू देणार नाही.

मागच्या वर्षी कोजागिरीनंतर मला सर्दी झाली होती, आठवतं? सर्दी गेली, पण उजव्या कानात दडा बसला तो बसलाच. पोहून आल्यावर पाणी अडकतं ना, तसा. नाक दाबून फुंकर मारली, जांभया दिल्या, एका पायावर उड्या मारल्या. काही नाही. मग हळूहळू पायाखालची जमीन डळमळू लागली. मामाला येते तशी घर फिरवणारी भोवळ नाही ही. खिंडसीच्या तलावात नावेत बसलो होतो, आईने शेवटपर्यंत डबा हातातून सोडला नव्हता, त्या नावेत उभं राहिल्यासारखं. काही दिवस नाव किनाऱ्याला असते, काही दिवस मधोमध.

एप्रिलमध्ये तुमच्याकडून रात्री निघालो. जावई ड्यूटीवर होते, गाडीत छोटी आणि मीच. फेटरीच्या अलीकडे समोरून ट्रकचे दिवे आले आणि रस्ता डावीकडे कलंडला. म्हणजे मला तसं वाटलं, रस्ता होता तिथेच होता. गाडी कडेला घेतली, चारी इंडिकेटर लावले आणि स्टीअरिंग धरून बसून राहिले. छोटी मागे झोपलेली. वीस-पंचवीस मिनिटांनी निघाले आणि घरी येऊन तुम्हाला फोन केला, "पोचलो, ट्रॅफिक होतं." त्या रात्रीनंतर मी स्टीअरिंगला हात लावलेला नाही. कुणी मना केलं नाही. माझं मलाच धाडस झालं नाही, आणि ते बरोबर होतं असं आजही वाटतं. मागच्या सीटवर माझी पोरगी झोपलेली असताना तुम्हीही मला हेच सांगितलं असतं.

डॉक्टरांचं सगळं सांगते, म्हणजे "दाखवलं का?" हा प्रश्न संपेल. दाखवलं. पहिल्यांदा मळ असेल म्हणाले, थेंब दिले. मग धंतोलीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. काचेच्या बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं, बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं. ऐकू चोख येतं. कानात हवेचा दाब देऊन पडदा हलतो का ते पाहिलं, तोही हलतो. एकदम आडवं करून, मान पलंगाखाली लोंबकळत ठेवून डोळ्यांकडे बघत राहिले. कानातले खडे जागचे हलले की तसं केल्यावर बुबुळं थरथरतात म्हणे. बाबा, कानात खरंच बारीक खडे असतात, चुनखडीचेच. मामाचे हलले होते, म्हणून त्याची मान वळवून खडे जागेवर बसवले आणि तो दोन खेपांत बरा झाला. माझे जागेवरच आहेत. एमआरआय केला, तोही स्वच्छ. गाठबिठ काही नाही. आई, हे वाक्य बाबांना दोनदा वाचायला लाव.

एक तपासणी मात्र बाबांसाठी सविस्तर सांगायची आहे. कानात पाणी सोडतात, एकदा ३० अंशांचं आणि एकदा ४४ अंशांचं. शरीराच्या ३७ पासून दोन्हीकडे सात-सात. (४४ म्हणजे आपली मे महिन्यातली दुपार, मी मनात म्हटलं, याने काय होणार!) पण झालं. खोली अशी गरगरली की मी बाईंचा हात घट्ट धरला. आणि डॉक्टर खूश, कारण दोन्ही कानांनी सारखीच चक्कर आली, म्हणजे दोन्ही आपापलं काम करत आहेत. तुम्ही सातवीच्या वर्गात पाण्याच्या गडव्यात तीळ टाकून गडवा फिरवायचात, तेच आहे हे. गडवा फिरतो, तीळ मागे राहतात. मग तेही फिरू लागतात, आणि गडवा थांबवला तरी ते फिरतच असतात. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, त्यात असंच पाणी आहे. डोकं वळलं की ते मागे राहतं, आणि त्यावरून मेंदूला कळतं की आपण वळलो. एका बाजूने गरम किंवा गार केलं की नळीतलं पाणी बसल्या जागी वाहू लागतं आणि मेंदू फसतो. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी नावाच्या डॉक्टरांनी हे शोधलं. कान धुताना रोगी तक्रार करायचे, पाणी गार होतं म्हणून चक्कर आली. मग पाणी जास्त गरम झालं तरी चक्कर. इतरांनी पाणी कोमट केलं असतं आणि विषय सोडला असता. यांनी रोग्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, तर गार पाण्याने बुबुळं एका दिशेला सरकत आणि गरम पाण्याने उलट दिशेला. त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा ते रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. तुम्ही अजून शिकवत असतात तर ही गोष्ट दुसऱ्या दिवशी वर्गात गेली असती.

तर एवढं सगळं करून निदान काय? नाव नाही. आधी मेनिएर नावाचा कानाचा आजार म्हणाले, पण त्यात ऐकू कमी होतं, माझं झालेलं नाही. मग डोकेदुखी नसलेली मायग्रेन असू शकते म्हणाले, त्यासाठी रोजची डायरी लिहून झाली. आता डॉक्टर म्हणतात, कधीकधी मूळ कारण येऊन निघून जातं आणि मेंदू मात्र डगमगायच्या सवयीत अडकून राहतो. कानाच्या दडपणाचं उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. मला ते आवडलं. मामा म्हणतो मुंबईला दाखव. मामाला सांगा, नाही जाणार. हे सगळे कागद घेऊन तिकडे जायचं आणि पुन्हा त्याच काचेच्या खोलीत बसायचं, हे मला आता नको आहे. काही वाढलं, ऐकू कमी आलं, तर त्याच दिवशी जाईन. हा शब्द देते.

सध्या व्यायाम आहेत. हसू नका. भिंतीवर एक "अ" चिकटवला आहे, त्याच्यावरची नजर न हलवता मान डावी-उजवी हलवायची. मग ओट्याला हात टेकून एका पावलापुढे दुसरं पाऊल लावून उभं राहायचं, डोळे मिटून. छोटी आकडे मोजते आणि मध्येच सत्तावीसवरून एकतीसवर जाते. उन्हाळ्यात दहापर्यंत टिकायचे, आता चाळिशी गाठते. म्हणजे छोटीच्या हिशोबाने चाळीस.

आई, आता तुझी गोष्ट. लोणचं संपलं असं मी सांगितलं होतं ते खोटं होतं. मेनिएरचा संशय होता तेव्हा तीन महिने मीठ कमी करायला सांगितलं होतं. तुझ्या लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि खारवड्यांचा डबा समोर ठेवून अळणी वरण-भात जेवणं मला जमेना. म्हणून दोन्ही शेजारच्या काकूंना दिलं. बरणी परत आणली आहे, धुऊन, उन्हात वाळवून. काकू तुझ्या हाताचं कौतुक करत होत्या. आता मिठाचं बंधन उठलं आहे, तेव्हा या वर्षीचं पाठव. थोडं पाठव म्हणणार होते, पण तू ऐकणार नाहीस.

आणि लसणाचं तेल कढवून आणू नको. तुझ्या मनात आत्ताच आलं असेल. लहानपणी कान दुखला की तू तव्यावर कापूस शेकून, माझं डोकं मांडीवर घेऊन कानावर धरायचीस, आणि बाबा बाहेरच्या खोलीतून विचारायचे, "थांबलं का?" थांबलेलं नसायचं, पण मी हो म्हणायचे, नाहीतर तू रात्रभर तशीच बसून राहिली असतीस. डॉक्टरांनी कानात काहीही घालायला मनाई केली आहे. मांडीबद्दल काही म्हणाले नाहीत.

माझं रोजचं अजिबात अडत नाही. घरापासून सुभाष नगरचं मेट्रो स्टेशन चालत दहा मिनिटं. मेट्रोत दाराजवळच्या खांबाला धरून दूरवर बघत राहिलं की नाव किनाऱ्याला लागते. सध्या विधिमंडळाचं अधिवेशन आहे, सीताबर्डीकडे मोर्चे आणि बंद रस्ते, गाडीवाले ताटकळत आहेत आणि मी वरून त्यांना बघत ऑफिसला पोचते. ऑफिसात ट्यूबलाइटखालची जागा बदलून खिडकीजवळची मिळाली. बाजारात मात्र जात नाही. दोन्ही बाजूंनी भरलेल्या फळ्या बघत चाललं की डोकं भरून येतं. ते काम जावयांकडे. कोथिंबीर म्हणून कधी पालक येतो, पण येतो.

गाडीच्या पैशातले थोडे छोटीच्या नावावर टाकले आहेत. बाकीचे तुमचे आहेत. "आम्हाला काय करायचे" हे उत्तर चालणार नाही. त्यातून काय करायचं ते खाली लिहिलं आहे.

न्हाणीघरात कमोडजवळ आणि दाराशी असे दोन दांडे बसवायचे, भिंतीत पक्के ठोकलेले. गावातल्या मिस्त्रीला मी फोन केला आहे, तो गुरुवारी येईल, त्याला परत पाठवू नका. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री छोटा दिवा चालू ठेवायचा. वीज बिल मी भरते. बाबा, सकाळी जाग आल्यावर एकदम उठायचं नाही. आधी पलंगाच्या कडेला बसा, पाय खाली सोडा, तीसपर्यंत मोजा, मग उभे राहा. आणि बीपीची गोळी "बरं वाटतं" म्हणून बंद करण्याचा उद्योग आता पुरे. आई, गच्चीवर संत्र्यांची सालं वाळवायला तू स्वतः चढायची नाहीस, खालच्या अंगणातही ऊन आहे. दोघांपैकी कुणाला गरगरलं तर मेडिकलमधून चक्करची गोळी आणून महिनोन्महिने घेत राहू नका. त्यातल्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरायला लागतात. आणि चक्करीबरोबर तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक हात-पाय लुळा वाटला, तर माझ्या फोनची वाट बघायची नाही, मला आधी विचारायचं नाही, सरळ १०८ लावायचा. नंबर फोनच्या वर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. बाबांचं अक्षर चांगलं आहे, त्यांनीच लिहा.

फार हुकूम सोडले. रागावू नका. आठ महिने डोळे मिटून पायांवर उभं राहायला शिकते आहे, तर तुमचेच पाय डोळ्यांसमोर येतात.

पुढच्या रविवारी येते. मेट्रोने थेट रेल्वे स्टेशन, मध्ये बदलावं लागत नाही, आणि तिथून रेल्वेने काटोल. छोटीही येते आहे. तिला कळमेश्वरनंतर खिडकी हवी असते, बागा दिसतात म्हणून. परतताना संत्र्यांची पेटी मीच उचलणार म्हणून ती बसली आहे, तेव्हा पेटी लहान ठेवा.

बाबा, स्टेशनवर येऊ नका. थंडी आहे, आणि त्या सायकलवरून तर मुळीच नको. येणारच असाल तर फलाटावर चढू नका, बाहेर चहावाल्याजवळ थांबा. कानाला मफलर बांधा.

तुमची,
ठमी