विषय: 'रॅम वाढवा' हे उत्तर पुन्हा पाठवू नये

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि तांत्रिक विभाग

तुमच्या प्रतिनिधीशी चाललेला फोन आत्ताच संपला. मी नाही, त्यांनी ठेवला. तक्रारीचा तिकीट क्रमांक लिहीत नाही, कारण तो दर वेळी बदलतो. जुनं तिकीट 'समस्या सुटली' असा शेरा मारून तुम्हीच बंद करता आणि लगेच आमच्या सेवेला किती तारे द्याल म्हणून मेल पाठवता.

तक्रार तीच आहे. बंदराची मोहीम संपल्यावर किल्ल्यातून शहरात आणि शहरातून परत किल्ल्यात असं थोडा वेळ केलं की गेम कोसळतो. कधी 'आउट ऑफ मेमरी' असं तीन शब्दांत सांगतो, तर कधी विंडोजची ती ठरलेली खिडकी येते: अमुक पत्त्यावरची मेमरी वाचता आली नाही. तो पत्ता सगळा शून्यांचा असतो. यातून काय समजायचं ते तुमच्या इंजिनिअरांना मी सांगायला नको. गेमने मेमरी मागितली, ती मिळाली नाही, आणि मिळाली की नाही हे न बघताच कोड पुढे धावला. कोसळताना ऑटोसेव्ह चालू असेल तर सेव्ह फाइलही हातची जाते. माझी गेली आहे.

आता आजच्या फोनबद्दल. हा भाग तुम्ही स्वतः वाचावा, खाली ढकलू नये.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये रॅम किती आहे?"

१६ जीबी, मी सांगितलं.

"मग कमी पडत असेल. ३२ करून बघा."

गेम कोसळतो तेव्हा अर्ध्याहून जास्त रॅम रिकामी असते, असं मी म्हटलं. टास्क मॅनेजर समोर उघडा आहे, आकडे वाचून दाखवते, असंही म्हटलं.

"पण मॅडम, एरर मेमरीचा आहे ना?"

हो.

"आणि रॅम म्हणजेच मेमरी ना?"

मी श्वास घेतला. तुमचा गेम ३२-बिट आहे, टास्क मॅनेजरमध्ये त्याच्या नावापुढे कंसात तसं लिहूनच येतं, त्यामुळे मशीनमध्ये कितीही रॅम असली तरी त्याला ठरावीक मर्यादेपलीकडे जाताच येत नाही, हे शक्य तितक्या सावकाश सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं, लिहून घेताहेत. मग अगदी नम्र आवाजात प्रश्न आला:

"मॅडम, घरात दुसरं कोणी आहे का, ज्यांना कॉम्प्युटरमधलं कळतं? त्यांना समजावून सांगणं सोपं जाईल."

घरात मी आहे, असं मी म्हटलं. "ते कधी येतील?" असं त्यांनी विचारलं. कोण ते? हे 'ते' कोण, हे तुमच्या कंपनीने मला लेखी कळवावं. मीही शोधते आहे, त्यांना डम्प फाइल, म्हणजे गेम कोसळतानाची मेमरीची नोंद, उघडता येत असेल तर माझं काम वाचेल. मी वरिष्ठांकडे फोन द्या म्हटलं. संगीत लागलं. संगीत तुमच्याच गेमचं होतं, शहराच्या दरवाजापाशी वाजतं ते, म्हणजे नेमकं जिथे गेम कोसळतो तिथलं. मग फोन कट.

हे पत्र शांतपणे लिहायचं मी ठरवलं होतं. तसाच प्रयत्न चालू आहे.

तुमच्या ठरलेल्या यादीतलं सगळं करून झालेलं आहे, तेव्हा ती परत पाठवू नका. ग्राफिक्स ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला, मग जुना टाकला. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला, एकही चूक निघाली नाही. रॅमचं एक्सएमपी, म्हणजे जास्त वेगाचं, प्रोफाइल बंद करून पाहिलं. पेजफाइल, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली जागा, वाढवली, कारण तुमच्या माणसाचा हट्टच होता. बाकीचे सगळे गेम, तुमच्यापेक्षा कितीतरी जड असलेलेसुद्धा, याच मशीनवर बिनतक्रार चालतात. विंडोज नव्याने टाकायलाही सांगून झालं होतं, तेही केलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

खरं कारण तुमच्या दारात आहे. ३२ बिटांच्या पत्त्यांत फार तर ४ जीबी मावतात. त्यातलेही, एक्झी फाइलमध्ये (गेमच्या मुख्य प्रोग्राम फाइलमध्ये) लार्ज ॲड्रेस अवेअर ही खूण नसेल, तर विंडोज प्रोग्रामला फक्त २ जीबी देतं. तुमच्या फाइलमध्ये ती खूण नाही. मी बघितलं आहे. म्हणजे मी ३२ जीबी टाकले काय आणि ६४ टाकले काय, तुमच्या गेमला तेच २ जीबी. आणि हे २ जीबी पत्त्यांचे आहेत, पेजफाइलचे नाहीत, त्यामुळे ती वाढवूनही ढिम्म फरक पडणार नव्हता. तरीही गेमच्या माहितीत 'शिफारस: ८ जीबी रॅम' असं ऐटीत लिहिलेलं आहे. ती रॅम नक्की कोणासाठी?

बरं, २ जीबीतही भागलं असतं, जर गेमने घेतलेलं परत दिलं असतं. शहर सोडून किल्ल्यात गेलं की शहराची टेक्स्चर, म्हणजे भिंती-रस्त्यांवर चढवलेली चित्रं, मेमरीतून सुटायला हवीत. ती सुटत नाहीत. प्रत्येक फेरीला आकडा चढतो, उतरत नाही, आणि २ जीबीच्या थोडं अलीकडेच सगळं संपतं. अलीकडे का? प्रोग्रामच्या मेमरीचा नकाशा दाखवणाऱ्या व्हीएममॅपमध्ये स्पष्ट दिसतं: रिकामी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरलेली असते आणि मोठ्या टेक्स्चरला हवा तेवढा सलग तुकडा उरलेलाच नसतो. टेक्स्चर दर्जा 'कमी' ठेवला तर कोसळणं लांबतं, थांबत नाही. याहून सरळ पुरावा कोणता हवा?

मी ती खूण स्वतः लावूनही पाहिली. ६४-बिट विंडोजवर मग ३२-बिट प्रोग्रामला पूर्ण ४ जीबी मिळतात. ऑफलाइन गेम पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ टिकला आणि मग ४ जीबीच्या आसपास जाऊन तस्साच कोसळला. म्हणजे गळती आहेच, फक्त भांडं मोठं झालं. ऑनलाइन गेल्यावर मात्र लबाडी पकडणाऱ्या तुमच्या अँटीचीटने फाइल बदललेली आहे म्हणून दार बंद केलं. चॅटवर विचारलं तर उत्तर मिळालं की असं केल्यास खातं निलंबित होऊ शकतं, आधी फाइल पडताळून घ्या. पडताळल्या. पडताळणीने जुनी एक्झी परत आणून ठेवली, मर्यादेसकट. जे तुम्ही दुरुस्त करत नाही, ते मी दुरुस्त केलं तर गुन्हेगार मी!

घरगुती कॉम्प्युटरसाठी ६४-बिट प्रोसेसर २००३ पासून मिळताहेत. विंडोज ११ ची तर ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही. जुना गेम आहे, समजू शकते. पण तुम्ही त्यावर मोठ्या टेक्स्चरचा नवा विस्तार काढलात, पैसे घेतलेत, आणि एक्झी तीच ठेवलीत. विस्ताराआधी हा गेम मी बिनघोर खेळत होते. पहिल्या भागापासून तुमचे सगळे गेम घेतले आहेत, बहुतेक पहिल्याच दिवशी. त्या काळात तुमच्या पॅचसोबत येणारी टीप वाचायला मजा यायची, कारण ती लिहिणाऱ्याला गेम माहीत असायचा. हल्ली टीपेत 'स्थिरतेत सुधारणा' एवढंच असतं. कोणाच्या स्थिरतेत?

आणि सेव्ह फाइल. परत लिहिते आहे, कारण तुमच्याकडून तिच्याबद्दल एक शब्दही आलेला नाही. ऑटोसेव्ह जुन्या फाइलवरच थेट लिहिणं हा कुठला प्रकार? आधी नवी फाइल पूर्ण लिहावी, मग नाव बदलावं. एवढं केलं असतं तर गेम कोसळूनही माझी मोहीम वाचली असती.

आठवडाभरात मला पुढचं हवं आहे: खूण लावलेली आणि तुमच्या अँटीचीटला चालणारी एक्झी, गळती मान्य करणारं लेखी उत्तर आणि ती कधी बुजवणार त्याची तारीख. जमत नसेल तर विस्ताराचे पैसे परत. 'खेळण्याचे तास जास्त झाले म्हणून परतावा नाही' असं सांगू नका. त्यातले बरेचसे तास मी तुमची चाचणी फुकट करण्यात घालवले आहेत. उत्तर आलं नाही तर ग्राहक न्यायालयात तक्रार करेन आणि हे आकडे, व्हीएममॅपच्या चित्रांसह, जिथे जिथे गेम विकला जातो तिथल्या अभिप्रायांत टाकेन.

उत्तर डम्प फाइल उघडलेल्या माणसानेच द्यावं. फोन करणार असाल तर मलाच करा. घरात दुसरं कोणी नाही.

— खातेदार (नोंदणीकृत मेलवरूनच पाठवत आहे)

सोबत: डम्प फाइल (याआधीही पाठवलेली, न उघडलेली), इव्हेंट व्ह्यूअरमधली नोंद, व्हीएममॅपची चित्रं, खराब झालेली सेव्ह फाइल