'पॉझिटिव्ह विचार करा' म्हणणं सोपं आहे हो

संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत पुन्हा तो 'पॉझिटिव्ह राहा' टाइपचा लेख आला म्हणून लिहितोय. साध्या टेन्शनवाल्यांना ठीक आहे, पण ज्याला खरंच डिप्रेशन किंवा बायपोलर (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार) आहे त्याच्या घरचे कात्रण काढून त्याच्या उशाशी ठेवतात आणि तो वाचून अजूनच खचतो, की एवढं साधंही आपल्याला जमत नाही.

माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. साहेबांचा मेसेज आला 'उद्या येऊन भेट' की याच्या डोक्यात लगेच नोकरी गेली, हप्ते थकले, पोरं रस्त्यावर. प्रमोशन झालं तर म्हणे दुसरं कोणी नव्हतं म्हणून दिलं. नाटकं नाहीयेत ही. आरन बेक या अमेरिकन सायकियाट्रिस्टने 1960 च्या दशकातच सांगितलंय की डिप्रेशनमधल्या माणसाला स्वतः, जग आणि पुढचे दिवस, तिन्हीकडे वाईटच दिसतं, चांगलं घडलं तरी तो ते धरतच नाही. वर मूड खाली असला की आठवणीही नेमक्या तसल्याच येतात, म्हणजे पुरावा आयताच! वाद घालून काय होणार.

त्याला फरक पडला तो गोळ्या चालू ठेवून काउन्सेलरने वही लिहायला लावली तेव्हा. विचार लिहायचा, किती टक्के खरा वाटतो ते लिहायचं, मग बाजूने काय, विरुद्ध काय, आणि परत टक्के. 'साहेब काढणार' हे 90 वरून 60 वर आलं, शून्यावर नाही, पण तेवढ्यावर तो सकाळी ऑफिसला गेला. (भेट कशासाठी, तर ऑडिटच्या फायली!)

पण हे शिकवणारी माणसं आहेत कुठे? निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या सर्व्हेत वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत असं आलंय. आमच्याकडे सरकारी ओपीडीत डॉक्टर चांगले आहेत, पण रांग एवढी की गोळ्या लिहिल्या की पुढचा, ते तरी बिचारे काय करणार. खासगी सेशन परवडत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला विमा द्यायला सांगितलंय, तरी सेशनचं बिल बहुतेक पॉलिसीत बसतच नाही.

तेव्हा त्या सुविचाराच्या चौकटीत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर छापा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि जिल्हा रुग्णालयांत सायकॉलॉजिस्टच्या किती जागा रिकाम्या आहेत ते एखाद्या बातमीदाराला जरा शोधायला लावा ना.

एक नेहमीचा वाचक